संकेत आधी, स्थळ मागाहून

'वेबसाइट' या शब्दासाठी मराठीने 'संकेतस्थळ' हा प्रतिशब्द रूढ केला आणि त्याबरोबर एक जुना, रसिक अर्थ नकळत आपल्या दुकानदारीत शिरला. कारण संस्कृत काव्यात संकेतस्थान म्हणजे प्रियजनांनी भेटीसाठी आधी ठरवून ठेवलेली जागा, मग ती वेतांची कुंज असो, नदीचा काठ असो वा गावाबाहेरचे ओसाड देऊळ असो. अशा जागी कोणी सहज फिरत फिरत येऊन पोहोचत नाही. आधी कोठेतरी, चारचौघांच्या जगात, नजरेने, शब्दाने किंवा दूतीच्या निरोपाने संकेत ठरलेला असावा लागतो. आणि तो ठरला नसेल, तर कुंजात जाऊन बसणाऱ्याच्या वाट्याला रात्रभर पानांची सळसळ ऐकण्यापलीकडे काही येत नाही.

आजचा छोटा व्यापारी बहुतेक वेळा असाच सळसळ ऐकत बसलेला असतो. हौसेने आणि बऱ्यापैकी रक्कम मोजून तो संकेतस्थळ उभारतो, त्यावर मालाची छायाचित्रे, दर आणि मागणी नोंदवण्याची सोय करतो, आणि मग महिनोन्महिने भेटींचा आकडा न्याहाळत राहतो. आकडा हलत नाही असे दिसले, की पडद्यावरच्या जाहिराती घ्या, असा सल्ला त्याला मिळतो. परंतु त्या बाजारात शोधाच्या त्याच शब्दांवर त्याच्याहून कितीतरी मोठ्या पेढ्या बोली लावून बसलेल्या असतात, आणि पैसे भरण्याची मुदत संपली, की राबताही त्याच दिवशी संपतो. प्रस्तुत लेखात विचार केला आहे तो पडद्याबाहेरच्या साधनांचा, म्हणजे कागद, कापड, भिंत, वाहन आणि तोंडचा शब्द यांचा, कारण संकेत ठरतो तो याच जगात. उदाहरणादाखल गाव घेतले आहे चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर असलेले श्रीपेरुंबुदूर.

गाव आणि गिऱ्हाईक

हे नाव मराठी वाचकाला बहुधा २१ मे १९९१ रोजी तेथे झालेल्या राजीव गांधी यांच्या हत्येमुळे ठाऊक असते. वैष्णवांना मात्र ते गाव त्याच्या शेकडो वर्षे आधीपासून रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वंदनीय आहे. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याला कारखान्यांची तिसरी ओळख लाभली आहे. शेजारच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९८ साली ह्युंदाईच्या मोटारी बनू लागल्या, पाठोपाठ काचेचे आणि विद्युत्-उपकरणांचे कारखाने आले, आणि जवळच्या ओरगडम येथे मोटारी व मोटारसायकली तयार करणाऱ्या कंपन्यांनी बस्तान बसवले. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव करीत बंगळूरकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ पुढे याच गावावरून चेन्नईकडे जातो. तेव्हा चाकण-पिंपरीच्या मोटारधंद्यात हात बसलेला एखादा मराठी अभियंता बदली होऊन याच सडकेच्या दुसऱ्या टोकाला येऊन राहिला, तर त्यात नवल नाही. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांतून निघालेली गलाईच्या धंद्यातली माणसे तर देशभरच्या सराफपेठांत अशाच रीतीने पोहोचलेली आहेत.

समजा, अशाच एका मराठी कुटुंबाने श्रीपेरुंबुदुरात 'तृप्ती' नावाची खाणावळ घातली आहे. रोजचा डबा आणि दिवाळीचा फराळ यांची मागणी ते आपल्या संकेतस्थळावर घेतात. ही खाणावळ कल्पित आहे. पण तिच्या अडचणी कल्पित नाहीत, आणि पुढील विवेचन तिलाच धरून केले आहे.

दोन जुने धडे

प्रचाराचे शास्त्र परदेशी पुस्तकांतून शिकण्याआधी या दक्षिण देशीच्या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. परंपरा अशी सांगते, की तिरुकोष्टियूरच्या गुरूंकडे अठरा खेपा घातल्यावर रामानुजाचार्यांना एक गुप्त मंत्र मिळाला, आणि तो ऐकणाऱ्याला मोक्ष मिळतो असे कळताच, गुप्ततेची आज्ञा मोडल्याचे पाप पत्करून, त्यांनी तो मंदिराच्या उंच जागी चढून जमलेल्या सर्वांना मोठ्याने सांगितला. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी व्यवहाराच्या दृष्टीने लक्षात ठेवावे असे त्यात हे आहे, की त्यांनी वरून स्वतःचे नाव अथवा मठाचा पत्ता सांगितला नाही. ऐकणाऱ्याला जे मिळणार होते, ते सांगितले. आपल्या पत्रकावर ठळक अक्षरांत पेढीचे नाव आणि तळाशी बारीक अक्षरांत उपयोग, असा जो क्रम असतो, तो या गोष्टीने उलटा करावयास हवा. 'तृप्ती' या शब्दाने कोणाचे पाऊल थबकत नाही. 'रात्रपाळीहून परतणाऱ्यास सकाळी सातला गरम पोहे. आदल्या दिवशी येथे नोंदवा' या मजकुराने थबकते.

दुसरी गोष्ट तंजावरची. सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतला. तो दप्तरात ठेवला असता, तर कारकुनाखेरीज कोणाच्या दृष्टीस पडला नसता. राजांनी तो अशा ठिकाणी लावला, जेथे माणसे प्रदक्षिणेच्या निमित्ताने आपणहून, सावकाश पावलांनी येतात. मजकूर किती मोठा चालेल, हे वाचणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, हा नियम यातून निघतो, आणि जागा निवडताना तोच प्रमाण मानावा.

जागा आणि घटिका

महामार्गावर ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाला फलकावरचे तीन शब्द दिसतात. म्हणून तेथे नाव, वस्तू आणि बाण यांपलीकडे काही लिहू नये, आणि क्यूआर कोड तर मुळीच छापू नये, कारण तो टिपण्याचा प्रयत्न करणारा चालक आपला ग्राहक होण्याऐवजी अपघाताचा धनी व्हावयाचा. टोलनाक्यापाशी गती मंदावते, चहाच्या टपरीवर ती थांबते, आणि पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या कामगारांच्या रांगेत तर माणसाच्या हातात फोन आणि पुढ्यात रिकामी पंधरा मिनिटे असतात. संकेत ठरवण्यास याहून अनुकूल घटिका नाही. तेव्हा प्रचाराचा आराखडा करताना 'कोठे गर्दी आहे' हा प्रश्न दुसरा मानावा. 'कोठे माणूस थांबलेला आहे आणि त्याच वेळी त्याला आपल्या वस्तूची आठवण होण्यासारखी आहे' हा पहिला. खाणावळीला बसचा थांबा उपयोगी, कपडे शिवणाराला वसतिगृहाची पायरी, शिकवणीच्या वर्गाला शाळा सुटण्याची वेळ.

मात्र एकाच दरवाज्यावर सारी भिस्त ठेवू नये. याच गावी २००६ साली सुरू झालेला नोकियाचा फोनचा कारखाना २०१४ च्या नोव्हेंबरात बंद पडला, आणि ज्यांचा धंदा केवळ त्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसांवर चालत होता, त्यांना नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. निदान तीन निरनिराळ्या प्रकारच्या जागा असाव्यात: एक कारखान्याशी निगडित, एक वस्तीशी, आणि एक रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांशी.

नाव कानाने तपासावे

पडद्याबाहेरचा प्रचार पुष्कळदा कानांवाटे होतो, म्हणून संकेतस्थळाचे नाव छापण्याआधी ते एकदा परक्या माणसाला फोनवर सांगून पाहावे, आणि त्याने काय टंकले ते विचारावे. तमिळ मुलुखात ही परीक्षा विशेष आवश्यक आहे. आपण 'तृप्ती' हा शब्द रोमन अक्षरांत लिहिताना 'त' साठी केवळ 'टी' लिहितो. तेथील माणूस त्याच 'त' साठी सवयीने 'टी' पुढे 'एच' लावतो. 'ख' आणि 'घ' यांना तमिळ लिपीत स्वतंत्र अक्षरे नाहीत, त्यामुळे अशा वर्णांची मराठी नावे तेथे कानावरून कागदावर येईपर्यंत पार बदलून जातात. यावर उपाय दोन: शक्य तर सर्व लिप्यांत सारखेच राहील असे सोपे नाव घ्यावे, आणि ते आधीच ठरून गेले असेल, तर दोन्ही वर्णलेखनांची नावे विकत घेऊन दुसऱ्यावर येणाऱ्यास आपोआप पहिल्याकडे वळवावे. वार्षिक खर्च किरकोळ असतो. चुकलेला पाहुणा मात्र सहसा परत येत नाही.

याशिवाय असे गृहीत धरून चालावे, की पत्रक वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पत्ता टंकणारच नाहीत. ते नाव शोधयंत्रात घालतील. तेव्हा जे नाव भिंतीवर रंगवले, तेच अक्षरशः संकेतस्थळावर आणि गुगलच्या नकाशावरील आपल्या नोंदीत असले पाहिजे. देवाधर्माची सर्वत्र आढळणारी नावे येथे अडचणीत आणतात, कारण त्या नावाची शेकडो दुकाने आधीच रांगेत असतात. अशा वेळी नावाला गावाचे नाव जोडावे.

क्यूआर कोड

चौकटीतला हा काळा-पांढरा पट १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी डेन्सोच्या अभियंत्यांनी घडवला; मोटारींच्या या गावात तो परतून आला आहे म्हणावयास हरकत नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून शहाळेवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांच्या हाताला तो परिचित झाला, आणि नेमकी तीच परिचयाची अडचण आहे: कोड दिसला, की माणसाला वाटते, येथे पैसे द्यावयाचे आहेत. म्हणून कोडाच्या शेजारी तो उघडल्यावर काय दिसेल, हे तमिळ आणि इंग्रजीत, आणि ग्राहक पाहून हिंदी वा मराठीतही, स्पष्ट लिहावे: 'आजचे जेवण येथे पाहा, पैसे मागितले जात नाहीत.'

छपाईच्या बाबतीत काही नियम पाळावेत. जितक्या अंतरावरून टिपावयाचा, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका कोड रुंद असावा. म्हणजे एक मीटरवरून टिपावयाचा कोड दहा सेंटिमीटरचा. चारही बाजूंना कोडातल्या चार घरांइतकी पांढरी जागा मोकळी सोडावी. फिक्या पार्श्वभूमीवर गडद छपाई करावी, उलटी नको. दुरुस्तीक्षमतेची सर्वांत वरची पातळी निवडल्यास सुमारे ३० टक्के भाग मळला वा फाटला तरी कोड वाचता येतो. रिक्षाच्या पाठीवर अथवा कापडी पिशवीवर छापावयाचा असेल, तेव्हा ती निवडावी. कोडाखाली वाचता येईल असा छोटा पत्ताही द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोड आपल्याच मालकीच्या पत्त्याकडे जाणारा असावा. एखाद्या फुकट सेवेचा कोड छापला आणि तिची मुदत संपली, तर भिंतीवरची हजारो रुपयांची छपाई एका रात्रीत निरर्थक होते. आपल्या नावाच्या वार्षिक नूतनीकरणाची तारीखही याच कारणासाठी दप्तरात ठळक नोंदवून ठेवावी, कारण लोकांच्या घरी गेलेला कागद आपल्याला परत बोलावता येत नाही.

मुलुखाची साधने

प्रत्येक मुलुखात प्रचाराची काही साधने लोकाचारानेच तयार करून ठेवलेली असतात; ती ओळखणाऱ्याला परका म्हणून वागवले जात नाही. तमिळ घरांत रोज एक पान फाडावयाची दिनदर्शिका भिंतीवर असते, तिच्यावर राहुकाळ आणि शुभवेळ पाहिल्यावाचून कित्येकांचा दिवस सुरू होत नाही, आणि वरच्या पुठ्ठ्यावर ती भेट देणाऱ्या दुकानाचे नाव-पत्ता असतो. शिवकाशीच्या छापखान्यांत अशा दिनदर्शिका प्रचंड प्रमाणावर छापल्या जातात. वर्षभर रोज एकदा नजर पडणारी जागा इतक्या अल्प मोबदल्यात दुसरीकडे मिळणे कठीण. परंतु मागणी वेळेत नोंदवावी आणि वाटप नववर्षापूर्वी संपवावे, कारण भिंतीवरचा खिळा एकच असतो आणि तो आधी येणाऱ्याचा होतो.

दुसरे साधन पिवळ्या कापडी पिशवीचे, जिला तेथे 'मंजपै' म्हणतात. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून टाकावयाच्या प्लास्टिकवर बंदी आली, आणि २०२१ च्या डिसेंबरात सरकारने या पिशवीच्या पुनरागमनाची मोहीमच काढली. तेव्हा ती देणारा दुकानदार जाहिरात करतो आहे असे कोणाला वाटत नाही, तो रीत पाळतो आहे असे वाटते. लग्नसमारंभात पाहुण्यांना तांबूल घालून द्यावयाची पिशवीही तशीच. जेवणाचे काम आपल्याकडे असेल, तर यजमानांच्या अनुमतीने एका कोपऱ्यात आपला छोटा पत्ता छापता येतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात रामानुज-जयंतीच्या सुमारास देवळाकडे माणसे लोटतात, तेव्हा बाहेर रस्त्याकडेला ताकाचा मंडप घालण्याची चाल आहे. मंडपावर नाव असावे, ताक मात्र निरपेक्षपणे द्यावे, आणि देवळाच्या आवारात जाहिरातीचा कागदही नेऊ नये. आपली खंडेनवमी म्हणजे तेथील आयुधपूजा; त्या दिवशी कारखान्यांतून आणि दुकानांतून प्रसाद वाटला जातो, आणि त्याच्या पुड्यांची मागणी पंधरा दिवस आधी नोंदवून घेता येते.

आणखी एक साधन आपल्याच घरचे आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले, ते मुळात कारखान्याचे वार्तापत्र. पण ग्राहकाला वाचावेसे वाटेल असे काही त्यात राहिले, म्हणून त्याचे पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत जाणारे मासिक झाले. छोट्या खाणावळीलाही महिन्यातून एक पान छापता येईल: अर्धी पाककृती, आठवड्याचे जेवण, जवळच्या बाजारातले भाज्यांचे भाव, आणि कृतीचा उरलेला अर्धा संकेतस्थळावर. माणूस अर्धवट गोष्ट सोडून देत नाही, हा त्यामागचा जुनाच हिशेब आहे.

परवाना आणि मर्यादा

सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईच्या पल्लिकरणै भागात विनापरवाना लावलेला फलक अंगावर पडल्याने दुचाकीवरून जाणारी एक तरुणी रस्त्यावर कोसळली आणि मागून येणाऱ्या वाहनाखाली सापडून मरण पावली. त्या दुर्घटनेची आठवण ठेवूनच प्रत्येकाने फलकाचा विचार करावा. स्थानिक संस्थेचा लेखी परवाना, जागामालकाची संमती आणि मुदत संपताच फलक उतरवण्याचा बंदोबस्त, या तीन गोष्टी असल्याशिवाय एकही खांब व्यापू नये. दुकानाच्या पाटीवर तमिळला अग्रस्थान द्यावे. तो तेथील नियमही आहे आणि पाहुण्याची सभ्यताही.

पाहुणा आल्यावर

संकेतानुसार आलेल्या माणसाला जे सांगून बोलावले, तेच पहिल्या नजरेला दिसले पाहिजे. पोह्यांच्या पत्रकावरून आलेला इसम संस्थापकांच्या मनोगतावर जाऊन पोहोचला, तर तो क्षणभरही थांबत नाही. म्हणून प्रत्येक पत्रकासाठी स्वतंत्र पान करावे, त्यावर तेच चित्र, तेच शब्द आणि मागणी नोंदवण्याचे एकच बटण ठेवावे. ते पान हलके असावे, म्हणजे बसमध्ये मंद जोडणीवरही चटकन उघडेल. छपाईचा हुकूम देण्यापूर्वी नमुना-प्रत तीन निरनिराळ्या फोनांवर, एकदा उन्हात आणि एकदा रात्रीच्या दिव्याखाली, तपासून पाहावी.

रोजकीर्द आणि खतावणी

बाहेरच्या प्रचाराचे मोजमाप होत नाही, अशी एक समजूत आहे, ती केवळ आळसावर उभी आहे. प्रत्येक साधनाला निराळा छोटा पत्ता द्यावा, एक बसथांब्याचा, एक पिशवीचा, एक दिनदर्शिकेचा. आणि त्या पत्त्यांना यूटीएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुणा जोडाव्यात, म्हणजे भेटींच्या नोंदवहीत कोण कोठून आला, हे वेगळे दिसते. जे पत्ता न वापरता नाव शोधून येतात, त्यांच्यासाठी मागणीच्या अर्जात 'आमची माहिती कोठे मिळाली?' हा एक प्रश्न ठेवावा. ही झाली रोजकीर्द. खतावणी मात्र भेटींची न मांडता मागण्यांची मांडावी.

समजा, १,५०० रुपयांची पत्रके वाटली, त्यांवरून ६० जण आले आणि ३ मागण्या नोंदल्या गेल्या. उलट ६०० रुपयांची कार्डे चहाच्या टपऱ्यांवर ठेवली, त्यांवरून २० जण आले आणि ६ मागण्या आल्या. भेटीमागे खर्च पाहिला, तर पत्रकांचा २५ रुपये आणि कार्डांचा ३०, म्हणजे पत्रके स्वस्त दिसतात. मागणीमागे पाहिला, तर पत्रकांचा ५०० आणि कार्डांचा १००. केवळ राबत्याचा आकडा पाहणारा व्यापारी या ठिकाणी चुकीची गोष्ट चालू ठेवतो आणि बरोबर गोष्ट बंद करतो.

आरंभ कोठून करावा, असे विचारणाऱ्यास एवढेच सांगता येईल, की सर्व साधने एकदम हाती घेऊ नयेत. पहिल्या महिन्यात असे एक ठिकाण शोधावे, जेथे आपल्या वस्तूची गरज माणसाला आपोआप जाणवते. 'तृप्ती'च्या बाबतीत ते महामार्गावर नाही आणि कारखान्याच्या फाटकावरही नाही. फराळाचा डबा पाळीवर नेला जातो, चार सहकारी त्यात हात घालतात, आणि शेवटची चकली उचलली जाते त्या क्षणी सर्वांची नजर एकाच जागी जाते. तेथे, रिकाम्या डब्याच्या तळाशी, पुढच्या खेपेचा पत्ता छापलेला असावा.